पान पिवळं आणि मऊ पडलंय? झारी खाली ठेवा, कुंडी उचला

मनीप्लांटचं पान दोन तऱ्हांनी पिवळं होतं. एका तऱ्हेत ते कडेकडेने वाळत जातं आणि हात लावला की कागदासारखं वाजतं. दुसऱ्या तऱ्हेत ते देठापासून टोकापर्यंत एकसारखं पिवळं होतं, ओल्या फडक्यासारखं लोंबतं आणि जरा ओढलं की देठासकट अलगद हातात येतं. पहिलं पान तहानलेलं असतं. दुसऱ्याच्या मुळाशी पाणी साचलेलं असतं. इथे बोलायचंय ते या दुसऱ्या पानाबद्दल, कारण घरातली झाडं बहुतेक वेळा त्यानेच जातात आणि त्यावर केला जाणारा पहिला उपाय नेमका उलटा असतो.

पान लोंबलेलं दिसलं की हात झारीकडे जातो. मातीचा वरचा थर फिका, कोरडा दिसत असतो, त्यामुळे खात्रीही पटते. पेलाभर पाणी जातं आणि चार दिवसांत आणखी दोन पानं पिवळी होतात. मग कुणीतरी सांगतं की खत कमी पडतंय. तेही घातलं की झाडाचं उरलंसुरलं मूळही जातं.

शेतकऱ्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. जमिनीत ओल आहे आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवाही आहे, अशी ती स्थिती. पाऊस पडून गेल्यावर वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाहीत. मुळांना पाणी नको असतं, वाफसा हवा असतो. दिवाणखान्यातल्या सहा इंची कुंडीलाही हेच लागू आहे, फक्त तिथे वाफसा यायला ना ऊन असतं ना वारा.

मूळ श्वास घेतं. पाणी आणि अन्नद्रव्यं ओढून घ्यायला त्याला ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा प्राणवायूवर चालते. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश पाण्यातून पसरतो. म्हणजे पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळाचा श्वास कोंडतो, ते पाणी ओढायचं थांबतं, आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेलं होतं. पान लोंबतं ते यामुळे. त्याच वेळी नत्राचं शोषणही थांबतं. मग झाड जुन्या पानांतला नत्र काढून नव्या शेंड्याला पुरवतं, म्हणून पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. यानंतर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या बुरशीसदृश जीवांचं काम चालू होतं. त्यांना साचलेलं पाणी आणि दुबळं मूळ हवंच असतं. याला मूळकूज म्हणतात. म्हणजे मूळकूज ही बहुधा पुढची पायरी आहे. आधी कोंडलेला श्वास येतो. औषधाच्या दुकानात धावण्याआधी हा क्रम लक्षात असलेला बरा.

पिवळं पान दिसलं की प्रत्येक वेळी असंच असतं असंही नाही. महिन्या-दोन महिन्यांतून अगदी बुडातलं एखादंच पान पिवळं होऊन गळलं तर ते वयाने गेलं, सोडून द्या. नवी पानं फिकी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर लोहाची कमतरता. जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम. पानावर सुई टोचल्यासारखे असंख्य फिके ठिपके आणि मागे बारीक जाळी असेल तर लाल कोळी. या सगळ्यांत पान ताठ असतं, मऊ पडत नाही. थंडीने मात्र पान मऊ पडतं. निफाडला किंवा नागपूरला जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली गेला आणि कुंडी उघड्या गॅलरीत राहिली, तर मनीप्लांटच्या पानांवर पाणी भरल्यासारखे काळपट डाग पडतात. एका रात्रीत बरीच पानं एकदम गेली तर कारण थंडी. आठवड्यागणिक एकेक करत खालून वर चढत गेलं तर कारण कुंडीत आहे.

कुंडीची तपासणी

बोट खुपसून पाहायचा सल्ला सगळे देतात. बोट जातं दोन इंच, आणि भानगड असते तळाशी. खराट्याचा एक हीर घ्या, कुंडीच्या कडेपासून इंचभर आत, तळ लागेपर्यंत सरळ खुपसा. दहा मिनिटांनी काढा. किती उंचीपर्यंत हीर गडद आणि गार लागतो ते पाहा, आणि खालचं टोक नाकाशी धरा. ओल्या मातीचा वास आला तर अजून वेळ गेलेली नाही. गटाराच्या बाजूचा, कुजक्या अंड्याकडे झुकणारा वास आला तर मुळं कुजायला लागलीत.

वजन ही त्याहून चांगली खूण आहे. स्वयंपाकघरातला काटा किंवा प्रवासाच्या बॅगेला लावायचा हुकाचा काटा चालतो. भरपूर पाणी देऊन निथळू दिलेली कुंडी समजा १४०० ग्रॅम भरली आणि पूर्ण सुकलेली ८०० ग्रॅम, तर मनीप्लांटला १००० ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत पाणी द्यायचं नाही. दोन-तीनदा मोजलं की हाताला अंदाज येतो, मग काटा लागत नाही. वरून कोरडी दिसणारी कुंडी उचलल्यावर दगडासारखी जड लागली, तर निदान तिथेच झालं.

मातीवरून चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडत असतील तर तीही साक्षच. त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर ओल्या थरात वाढतात, त्यामुळे माती सतत ओली राहते एवढं नक्की. पिवळे चिकट सापळे प्रौढ माश्या पकडतात, अळ्या नाही. वरचा थर सुकू दिला की पुढची पिढी आपोआप कमी होते.

पाणी साचतं कुठे

मे महिन्यात ज्या कुंडीला दर तीन दिवसांनी पाणी लागत होतं, तिला जुलैत मुंबईच्या दमट हवेत दहा दिवसांनीही लागत नाही. ढगाळ उजेडात झाड पाणी कमी पितं, हवा आधीच ओली, म्हणून बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. तरी ‘सोमवार-गुरुवार पाणी’ हा ठरलेला वार चालूच राहतो. पावसाळ्यात पानं पिवळी पडण्याचं सर्वांत साधं कारण हे.

दुसरं कारण नर्सरीतून सोबत येतं. रोप तिथे लाल मातीच्या घट्ट हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात, असतं. वाहतुकीत फुटू नये म्हणून ती दाबलेली असते. घरी आणल्यावर आपण ती हुंडी तशीच सुंदर कुंडीत ठेवतो आणि भोवती भुसभुशीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरतो. आता एका कुंडीत दोन वेगळे पदार्थ झाले. ओली असताना ती चिकट हुंडी पाणी सोडत नाही, आणि एकदा पूर्ण वाळली की पाणी आत घेत नाही, बाजूच्या कोकोपीटमधून ते निघून जातं. बाहेर सगळं ठीक दिसतं आणि मधे मुळं एक तर बुडतात, नाहीतर वाळतात. रोप आणल्यावर पंधरा दिवस नव्या जागेत रुळू द्या. मग हुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवून बोटांनी निदान बाहेरची दोन तृतीयांश माती सोडवा. काळी माती तर घरातल्या कुंडीत नकोच. ती ओली झाली की फुगते आणि पोकळ्याच मिटवते.

तिसरं कारण, तळाला खडे. ‘निचऱ्यासाठी दोन इंच खडी घाला’ हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते खोटं असेल असं वाटतच नाही. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. गळून गळून थेंब थांबतात. आता तोच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. मातीचंही असंच आहे. तळाशी काही सेंटिमीटरचा थर नेहमी पाण्याने भरलेला राहतो, आणि खाली खडी घातली तर तो थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी काढा, तेवढी उंची मातीला द्या. याच कारणाने उथळ, पसरट कुंडी खोल कुंडीपेक्षा जास्त वेळ ओली राहते. भोकावर माती अडवायला जाळीचा तुकडा पुरतो.

आणि भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंड्या. त्यात रोप थेट लावू नये, प्लास्टिकच्या कुंडीसकट आत ठेवावं आणि पाणी देताना बाहेर काढावं. निथळल्यावर परत ठेवावं. बशीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्यावं. ‘शोषून घेईल हळूहळू’ म्हणून ठेवलेली बशी म्हणजे तळाच्या मुळांना दिलेली शिक्षा आहे.

बाहेर काढायचं की नाही

हीर ओला पण वास नाही, दोन-तीनच पानं गेलीत, शेंडा ताठ आहे, अशी अवस्था असेल तर कुंडी बदलू नका. बशी काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा लागेल, खिडकीपासून हातभर अंतरावर, उजेडात पण थेट दुपारच्या उन्हात नाही. पंखा हळू चालू ठेवा. हिराने दोन-चार ठिकाणी माती भोसकली तर हवा आत जाते. वजन उतरेपर्यंत पाणी बंद. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, काढून टाका.

वास येत असेल, किंवा दर दोन-तीन दिवसांनी पान जात असेल, तर थांबू नका. वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी करून दाबत दाबत रोप सरकवून काढा. वेल धरून ओढू नका. नळाच्या बारीक धारेखाली मुळं धुवा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतं. एक काळपट मूळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच ओढा. कुजलेलं असेल तर वरची साल मोज्यासारखी निघून बोटांत येते, बुळबुळीत, आणि मागे दोऱ्यासारखी आतली शीर उरते. नुसत्या रंगावर जाऊ नका, जुनी मुळं तपकिरी असूनही टणक आणि धडधाकट असू शकतात. हाताला जे लागतं ते खरं.

कात्री सॅनिटायझरने पुसून घ्या. कुजलेलं मूळ जिथे टणक भाग सुरू होतो तिथून अर्धा इंच वर कापा. कापल्यावर मधे तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर जा. अर्ध्याहून जास्त मुळं गेली तर वेलही तेवढीच छाटा, उरलेली मुळं सगळ्या पानांना पाणी पुरवू शकणार नाहीत. हातमोजे घाला. मनीप्लांट, झीझी, पीस लिली ही सगळी अळूच्या कुळातली, आणि अळू चिरताना हात ज्या कारणाने खाजतात त्याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया यांच्या चिकातही आहेत. मुलं आणि मांजरं लांब ठेवा.

खोडच जमिनीलगत मऊ झालं असेल तर मुळं वाचवण्यात अर्थ नाही. वरची टणक वेल घ्या, पेराच्या खाली सेंटिमीटरभर कापा, प्रत्येक तुकड्याला एक-दोन पेरं आणि एक-दोन पानं ठेवा. पेर पाण्यात, पान बाहेर. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. गरम दिवसांत दोन आठवड्यांत मुळं फुटतात, ती दोन इंच झाली की लावा. मूळकूज अर्धवट असली तरी असे दोन तुकडे विम्यासारखे बाटलीत ठेवलेले बरे.

इथे एक प्रश्न हमखास येतो. मनीप्लांट बाटलीत वर्षानुवर्षं जगतो, मग कुंडीत पाणी जास्त झालं तर कुजतो कसा? बाटलीतली मुळं पाण्यातच फुटलेली असतात, त्यांची बांधणी त्या हिशेबाने होते. बदललेल्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो आणि कुजायला दुसरं काही नसतं. कुंडीत खत आणि कोकोपीट कुजत असतात, त्यातले जीव असेल तेवढा प्राणवायू खाऊन टाकतात. शिवाय ती मुळं मातीत वाढलेली. बाटलीतलं पाणी महिनाभर बदललं नाही की तिथली पानंही अशीच मऊ पिवळी पडतात.

नवी माती

मापासाठी एकच मग घ्या. दोन मग भिजवून घट्ट पिळलेलं कोकोपीट, दोन मग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), एक मग गांडूळखत, एक मग भाताचं तूस. परलाइट महाग वाटला तर विटांचे तुकडे चालतात. हातोडीने फोडून गव्हाच्या चाळणीने चाळा, खाली पडेल तो चुरा टाकून द्या, वर उरतील ते वापरा. बांधकामाची बारीक रेती नको, ती पोकळ्या बुजवते. मिश्रण मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोट लावताच फुटावा. फुटलाच नाही तर अजून विटा. कोकोपीटची वीट वापरत असाल तर भिजवून एकदा पाणी ओतून द्या, त्यात क्षार असतात.

कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, आधीच्या झाडाच्या मापाची नाही. मुळांभोवती सर्व बाजूंनी इंचभर जागा पुरे. आठ इंची कुंडीतलं झाड पाच इंचीत गेलं तरी बिघडत नाही. मोठ्या कुंडीत जिथे मूळ पोचत नाही तिथलं पाणी कोण पिणार? ते तसंच बसून राहतं. जुनी कुंडी वापरायची तर साबणाने घासून उन्हात वाळवा. जुनी माती अंगणातल्या झाडांना घाला, घरात पुन्हा नको.

मुळं कापली असतील तर लगेच पाणी घालू नका. मिश्रण जेवढं ओलसर आहे तेवढ्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग भोकातून निघेपर्यंत पाणी द्या आणि निथळू द्या. सहा इंची कुंडीला अर्धा लिटर पाणी ओतल्यावर मिनिटभरात खालून धार यायला हवी. वरच तळं साचून राहिलं तर माती जास्त दाबली गेलीय.

औषधांबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पिथियमवर चालत नाही, तरी मूळकुजीवर सर्रास तेच दिलं जातं. पिथियमवर मेटॅलॅक्झिलचा उपयोग होतो, पण चार बाय चारच्या गॅलरीत एका मनीप्लांटसाठी ते आणावं असं मला वाटत नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम मिसळून लावणीनंतर एकदा मुळाशी ओतायला हरकत नाही. त्याच्या जोडीला रासायनिक बुरशीनाशक नको, ते ट्रायकोडर्मालाच मारू शकतं. दालचिनीची पूड मुळांवर थापू नका. आणि चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, ताक या गोष्टी ओल्या कुंडीत ओतणं म्हणजे कुजवणाऱ्या जीवांची पंगत बसवणं.

स्नेक प्लांट, झीझी आणि जेड

यांचा हिशेब वेगळा, कारण ही झाडं पाणी स्वतःच्या अंगात साठवतात आणि लक्षणं फार उशिरा दाखवतात. स्नेक प्लांटचं पान बुडाशी पिवळं, लिबलिबीत होऊन एका अंगावर कलंडलं तर खालचा गड्डा आधीच सडलेला असतो. तो टणक, नारिंगी भागापर्यंत कापा आणि चार-पाच दिवस सावलीत उघडा वाळू द्या, मगच लावा. नुसतं पान उरलं तर बुडाशी उलट्या व्हीसारखा काप घेऊन, दोन-तीन दिवस सुकवून लावता येतं. पण पिवळ्या काठाच्या जातीत पानापासून आलेलं रोप बिनकाठाचं, साधं हिरवं येतं. काठ हवा असेल तर गड्डाच वाचवायला लागतो.

झीझीचे गड्डे अळकुड्यांसारखे दिसतात. एकेक दाबून पाहा. दबला तो गेला, टणक तो ठेवा, पानं एकही नसली तरी त्याला कोंब येतो. फक्त धीर महिन्यांचा हवा. जेडची पानं पिवळी, पारदर्शक आणि दाबल्यावर पाणी सुटणारी झाली की तेच कारण. सुरकुतलेली पण हिरवी असतील तर मात्र त्याला खरोखर तहान लागलीय. या तिघांच्या मिश्रणात कोकोपीट एकच मग, विटा किंवा परलाइट तीन मग, आणि कुंडी पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही. पावसाळ्यात तर महिनाभरही लागणार नाही.

कुंडी बदलल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन-तीन पानं पिवळी होतील. ती आधीच्या नुकसानाची आहेत, घाबरून पुन्हा उपटून पाहू नका, नव्याने फुटलेली पांढरी मुळं दिसायच्या आधीच तुटतात. शेंड्याकडे लक्ष ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत तिथे विडीसारखं गुंडाळलेलं पान दिसतं. ते उलगडल्यावर आधीच्या पानांपेक्षा लहान असेल, ते असंच असतं. दुसरं पान उघडल्यावर १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, आणि तेही ओलसर मातीत.